प्रस्तावना : सुधारक म्हणण्याआधीचा ल्यूथर

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातल्या संतांच्या कार्याची तुलना त्यांनी त्यात सोळाव्या शतकातल्या युरोपीय धर्मसुधारणेशी केली. पुरोहितांच्या मक्तेदारीला आव्हान, पंडितांच्या भाषेऐवजी लोकभाषा, कर्मकांडापेक्षा अंतःकरण, संन्यासापेक्षा संसारात राहून केलेली भक्ती अशी साम्यस्थळे त्यांनी दाखवली. तेव्हापासून मार्टिन ल्यूथर मराठी विचारविश्वात वावरतो आहे, पण बहुधा या तुलनेची दुसरी बाजू म्हणूनच. शाळेच्या पुस्तकात तो एका परिच्छेदापुरता येतो आणि चर्चच्या दारावर कागद ठोकतो. नुसते ‘मार्टिन ल्यूथर’ म्हटले, तर बहुतेकांना अमेरिकेतले किंग आठवतात. किंग यांच्या वडिलांनी १९३४ मध्ये जर्मनीहून परतल्यावर स्वतःचे आणि मुलाचे नाव याच जर्मन धर्मशास्त्र्याच्या नावावरून बदलून घेतले होते.

या ओळखीत एक अडचण आहे. सुधारक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जोतीराव फुले, आगरकर, धोंडो केशव कर्वे येतात. समाजात अन्याय दिसला, तो सहन झाला नाही, म्हणून तो दूर करायला निघालेली ही माणसे. ल्यूथर असा निघाला नव्हता. समाज कसा बदलावा हा त्याचा प्रश्न नव्हता. माझ्यासारखा पापी माणूस न्यायी देवासमोर कोणत्या तोंडाने उभा राहणार, हा त्याचा प्रश्न होता. या प्रश्नाने त्याची झोप उडवली, त्यातूनच त्याला उत्तर सापडले आणि त्या उत्तराने पुढे राज्ये, मठ, शाळा, संसार, भाषा सगळेच ढवळून निघाले. ही क्रमवारी उलटी लावली की ल्यूथर आपल्याला सोयीचा होतो, पण समजत नाही. शेतकऱ्यांच्या बंडात तो जमीनदारांच्या बाजूने का गेला आणि म्हातारपणी ज्यूंविषयी त्याने इतके भयंकर का लिहिले, याचीही मग संगती लागत नाही. प्रस्तुत पुस्तक त्याला मूळ प्रश्नापासून वाचू पाहते. त्याच्या चरित्राबरोबरच त्याचे निवडक लेखन त्यात मराठीत दिले आहे ते त्यासाठीच.

१० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीतल्या आइसलेबेन गावी तो जन्मला. वडील हान्स यांनी तांब्याच्या धंद्यात हातपाय हलवून बऱ्यापैकी पैसा मिळवला होता. पोराने वकील व्हावे, घराण्याचे नाव काढावे, एवढे साधे त्यांचे स्वप्न. पोरगा एर्फुर्टच्या विद्यापीठात शिकला, पदव्युत्तर परीक्षा झाली, कायद्याचा अभ्यास सुरू झाला. जुलै १५०५ मध्ये घरून परतताना श्टॉटर्नहाइम गावाजवळ तो वादळात सापडला, जवळच वीज कोसळली आणि घाबरून त्याने संत ॲनाला साद घातली : मला वाचव, मी मठात जाईन. पंधरा दिवसांत तो ऑगस्टीन पंथाच्या मठाच्या दारात होता. वडिलांचा संताप बराच काळ निवला नाही.

मठात मनाला शांती मिळायला हवी होती, तिथे भीती वाढली. उपास, जागरणे, प्रार्थना यांत त्याने कसूर केली नाही. पापनिवेदनाला बसला की तासन्‌तास बारीकसारीक चुका सांगत राही आणि उठून गेल्यावर राहिलेले एखादे पाप आठवून परत येई. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ हे शहाणे गृहस्थ होते. या तरुणाला स्वतःच्या आत खोदत बसण्यापासून सोडवायचे, तर त्याला दुसऱ्यांना शिकवण्याच्या कामाला जुंपले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १५१२ मध्ये ल्यूथर धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला आणि विटेनबर्गच्या नव्या, लहानशा विद्यापीठात बायबल शिकवू लागला. आधी स्तोत्रसंहिता, मग पौलाचे रोमकरांस पत्र, मग गलतीकरांस पत्र. त्याची क्रांती जर कुठे घडली असेल, तर ती या वर्गांत, विद्यार्थ्यांपुढे मजकूर उलगडताना.

त्याला जे उमगले ते थोडक्यात असे. देवाचे न्यायीपण म्हणजे माणसाला तोलून शिक्षा करणारा तराजू, असे तो तोवर मानत आला होता. पौल वाचताना त्याला दिसले की देव आपले न्यायीपण माणसाला देऊन टाकतो, कमवायला लावत नाही. माणसाने ते विश्वासाने घ्यायचे. सत्कर्मे करून देवाची मर्जी मिळवता येत नाही. मर्जी आधी मिळालेली असते, सत्कर्मे तिच्यामागून येतात. आपल्या संतांच्या कृपेच्या कल्पनेशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो आणि ते अगदीच चुकीचे नाही. पण ल्यूथर एक पाऊल पुढे जातो. देवाकडे वळण्याची इच्छासुद्धा माणसाच्या हाती नाही, असे तो १५२५ मध्ये विद्वान इरॅस्मसशी वाद घालताना ठासून सांगतो. साधनेला तो काही जागाच ठेवत नाही. रानड्यांची तुलना इथे थांबवावी लागते.

हे सारे विद्यापीठाच्या भिंतींआड राहिले असते. ते बाहेर आले पैशाच्या व्यवहारामुळे, आणि तो व्यवहार जवळून पाहण्यासारखा आहे. ब्रांडेनबुर्ग घराण्यातला अल्ब्रेख्त विशीतच दोन मोठ्या आर्चबिशपपदांचा धनी झाला होता. एकाच माणसाने इतकी पदे धरायची, तर रोमला भलीमोठी रक्कम मोजावी लागे. ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फेडायचे कसे? पोप दहावा लिओ याला रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी पैसा हवाच होता. तेव्हा अल्ब्रेख्तच्या मुलखात पापमुक्तिपत्रे विकायची, अर्धा पैसा रोमला आणि अर्धा फुगरच्या कर्जफेडीला, असे ठरले. योहान टेट्झेल हा डॉमिनिकन भिक्षू गावोगाव प्रवचने देत ती विकू लागला आणि पेढीचा माणूस पेटीसोबत फिरू लागला. दर ऐपतीप्रमाणे होते. राजे आणि बिशप यांना २५ सुवर्णमुद्रा, व्यापारी-कारागिरांना त्याहून कमी आणि निर्धनांना उपास व प्रार्थना. पत्र घेतले की स्वतःच्या पापांची शिक्षा माफ होई. मेलेल्या आईबापांसाठी घेतले, तर शुद्धिस्थानातला त्यांचा छळ थांबे. शोकात असलेल्या माणसाला याहून मोठे आमिष कोणते दाखवणार?

विटेनबर्गचा राजा, सॅक्सनीचा फ्रेडरिक, याने आपल्या राज्यात ही विक्री होऊ दिली नव्हती. कारण तात्त्विक नव्हते. त्याच्याकडे स्वतःचाच पवित्र अवशेषांचा संग्रह होता, सुमारे १९ हजार वस्तूंचा, आणि त्यांच्या दर्शनालाही पापमुक्ती जोडलेली होती. पण विटेनबर्गची माणसे सीमा ओलांडून युटरबोगला जात, पत्र घेऊन येत आणि पापनिवेदनाच्या वेळी ते ल्यूथरपुढे धरत. पश्चात्तापाची गरजच उरली नाही, असे त्यांना वाटे. ल्यूथरला यातला भ्रष्टाचार तर खुपलाच, पण त्याहून जास्त खुपली ही खोटी निश्चिंती. पाळक या नात्याने त्याची माणसे फसवली जात होती.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने अल्ब्रेख्तला पत्र लिहिले आणि सोबत वादासाठी मांडलेली लॅटिनमधली ९५ विधाने जोडली. ती त्याने त्याच दिवशी चर्चच्या दारावर लावली का, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. दाराचा उल्लेख करणारा त्याचा निकटचा सहकारी मेलांख्थॉन १५१८ मध्ये विटेनबर्गला आला आणि त्याने हे लिहिले ल्यूथर वारल्यानंतर. १९६१ मध्ये एर्विन इझरलो या कॅथलिक इतिहासकाराने ही घटना घडलीच नाही असे मांडले. ल्यूथरचा सहकारी गेओर्ग रोरर याची एक टिपणी २००६ मध्ये पुढे आली आणि वाद पुन्हा पेटला. माझ्या मते पत्र महत्त्वाचे, दार नव्हे. विद्यापीठात वादाची विधाने दारावर लावणे हा नित्याचा रिवाज होता. एका साध्या प्राध्यापकाने आपल्या प्रांताच्या सर्वोच्च धर्माधिकाऱ्याला जाब विचारणारे पत्र लिहिणे हा मात्र रिवाज नव्हता.

पुढची कामगिरी छापखान्यांनी केली. वर्ष संपायच्या आत न्यूरेंबर्ग, लाइपझिग आणि बासेल इथे ती विधाने छापली गेली. ल्यूथरने यातून धडा घेतला आणि १५१८ मध्ये पापमुक्तिपत्रांवर आठेक पानांत मावणारी पुस्तिका जर्मन भाषेत लिहिली. तिच्या दोन वर्षांत वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. विद्वानांचा वाद आता कासार-लोहारांच्या हाती गेला होता. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत पोपची बाजू मांडणाऱ्या योहान एक याने त्याला कोंडीत पकडले आणि १४१५ मध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या बोहेमियाच्या यान हुसची काही मते बरोबर होती, हे त्याच्या तोंडून वदवले. म्हणजे पोप चुकू शकतो आणि धर्मपरिषदही चुकू शकते. मग उरले काय? फक्त शास्त्र. १५२० मध्ये त्याने तीन मोठे निबंध लिहिले : जर्मन सरदारांना आवाहन, चर्चच्या संस्कारांवरची टीका आणि ‘ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य’. पहिल्याच्या ४००० प्रती पाहता पाहता संपल्या. डिसेंबरात त्याने पोपचे धमकीपत्र विटेनबर्गच्या वेशीबाहेर जाळले. एप्रिल १५२१ मध्ये वॉर्म्सच्या सभेत सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर त्याची पुस्तके मांडून विचारले गेले, ही तुझी का, आणि यातले मागे घेतोस का. त्याने एक दिवसाची मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले की शास्त्राने किंवा स्पष्ट युक्तिवादाने मला पटवल्याखेरीज मी काही मागे घेणार नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाशी बांधलेली आहे. या उत्तरातला ‘बांधलेली’ हा भाग पुढच्या अनेक पिढ्यांनी वगळला आणि नुसती विवेकबुद्धी ठेवली. ल्यूथरला स्वतंत्र विचाराचा आद्य पुरुष म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा एकदा तपासून पाहावी.

परतीच्या वाटेवर फ्रेडरिकच्या माणसांनी त्याला पळवल्याचे नाटक करून वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवले. दाढी वाढवून, सरदाराच्या वेषात, दुसरे नाव घेऊन तो तिथे राहिला आणि सुमारे अकरा आठवड्यांत त्याने नवा करार ग्रीकमधून जर्मनमध्ये आणला. लुकास क्रानाखच्या कारखान्यातली लाकडी ठशांची चित्रे घालून ते पुस्तक सप्टेंबर १५२२ मध्ये बाहेर पडले आणि डिसेंबरात ते पुन्हा छापावे लागले. जर्मन बायबले आधीही होती, पण ती लॅटिनवरून केलेली आणि बोजड. जुन्या कराराला मात्र बारा वर्षे लागली आणि ते काम एकट्याचे नव्हते. मेलांख्थॉन, हिब्रूचा जाणकार ऑरोगालुस आणि इतर सहकारी त्यात होते. प्रकटीकरणात रत्नांची नावे आली, तेव्हा ल्यूथरने राजाच्या खजिन्यातली खरी रत्ने पाहायला मागवली. लेवीयच्या पुस्तकात यज्ञपशूच्या आतड्या-काळजाची वर्णने आली, तेव्हा त्याने खाटकाकडून मेंढे कापवून घेतले आणि एकेका अवयवाला खाटीक काय म्हणतो ते विचारून घेतले. घरातल्या आईला, रस्त्यावरच्या पोरांना, बाजारातल्या माणसाला विचारा, त्यांच्या तोंडाकडे पाहा आणि मग भाषांतर करा, हे त्याने १५३० मध्ये आपल्या टीकाकारांना सुनावले. संपूर्ण बायबल १५३४ मध्ये विटेनबर्गला हान्स लुफ्टने छापले. जर्मन गद्याचा इतिहास या पुस्तकाला वगळून लिहिता येत नाही.

आता कठीण भागाकडे येऊ. १५२४-२५ मध्ये जर्मनीतले शेतकरी उठले. मेमिंगेनला त्यांनी बारा कलमे लिहिली. आमचा पाळक आम्ही निवडू, ख्रिस्ताने सर्वांना आपल्या रक्ताने सोडवले आहे म्हणून आम्हाला वेठबिगार म्हणून ठेवू नका, जंगल-नदीवरचे आमचे हक्क परत द्या. प्रत्येक कलमाला त्यांनी बायबलचा आधार दिला होता. ल्यूथरकडूनच ते शिकले होते, असे त्यांना वाटत होते. ल्यूथरने आधी जमीनदारांनाही खडसावले, पण बंड पेटल्यावर त्याने लिहिलेल्या पुस्तिकेत बंडखोरांना पिसाळलेल्या कुत्र्यासारखे मारावे, असे स्पष्ट म्हटले. १५ मे १५२५ रोजी फ्रांकेनहाउझेनला त्यांची कत्तल झाली आणि त्यांचा नेता थॉमस म्युंट्झर काही दिवसांत मारला गेला. बंडात मेलेल्यांचा अंदाज ७० हजार ते १ लाख असा केला जातो. ल्यूथरने आपले शब्द मागे घेतले नाहीत. त्याच्या दृष्टीने स्वातंत्र्य आत्म्याचे होते. ते जमिनीच्या आणि वेठीच्या प्रश्नात आणणे म्हणजे शुभवर्तमान बाटवणे होते. त्याच्या तर्कात हे सुसंगत बसते, आणि म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करते.

त्याच वर्षी जूनमध्ये त्याने काथरीना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. मठातून पळून आलेली ही नन त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान होती. रिकाम्या पडलेल्या मठात त्यांनी संसार थाटला. काथरीना बीअर गाळी, गुरे पाळी, शेती पाही, विद्यार्थ्यांना पैसे घेऊन राहायला ठेवी. या घरच्या जेवणाच्या पंक्तीत ल्यूथर जे बोलला, ते विद्यार्थ्यांनी टिपून ठेवले. धर्मगुरूचे लग्न ही युरोपात केवढी उलथापालथ होती, हे आज लक्षात येत नाही. स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ नाही. एकीकडे आर्गुला फॉन ग्रुंबाख या गृहिणीने १५२३ मध्ये इंगोलश्टाट विद्यापीठाच्या पंडितांना छापील आव्हान दिले. दुसरीकडे मठ बंद झाले आणि लग्नाशिवाय शिकत-लिहीत जगण्याची स्त्रियांची जागाही गेली. न्यूरेंबर्गच्या मठाची प्रमुख कारितास पिर्कहाइमर हिने त्यासाठी नगरपालिकेशी शेवटपर्यंत झुंज दिली.

इतर फाटे मी थोडक्यात सांगतो. झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याच्याशी १५२९ मध्ये मारबुर्गला चर्चा झाली. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले, पण प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्त खरोखर आहे की नाही, यावर बोलणी फिसकटली. त्याच वर्षी श्पायरच्या सभेतल्या निषेधपत्रावरून प्रोटेस्टंट हे नाव रुजले. बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा म्हणणाऱ्या ॲनाबाप्टिस्टांना तर दोन्ही बाजूंनी छळले. जिनीव्हात कॅल्व्हिनने वेगळी शिस्तबद्ध परंपरा उभारली आणि ती पुढे स्कॉटलंड, हॉलंड, अमेरिकेत गेली. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे ल्यूथरच्या वाटेने गेले. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने राजाचा धर्म तो प्रजेचा धर्म, असे ठरवले आणि पुढच्या शतकात तीस वर्षांच्या युद्धाने मध्य युरोप उजाड केला. विवेकबुद्धीच्या नावाने सुरू झालेले प्रकरण राजांच्या हाती कसे गेले, हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धागा आहे असे मला वाटते.

१५४३ मध्ये, मृत्यूच्या तीन वर्षे आधी, ल्यूथरने ज्यूंविरुद्ध ग्रंथ लिहिला. १५२३ मध्ये त्यानेच ज्यूंना माणुसकीने वागवा असे लिहिले होते, पण त्यामागे ते धर्मांतर करतील ही आशा होती. ती फळली नाही. आता तो राजांना सांगतो की त्यांची सभास्थाने जाळा, घरे पाडा, ग्रंथ हिसकावा, रब्बींना शिकवू देऊ नका, त्यांचे प्रवासाचे संरक्षण काढून घ्या, पैसा जप्त करा, त्यांना अंगमेहनतीला लावा. तो त्याच्या काळाचा माणूस होता, एवढे म्हणून सुटता येणार नाही. ज्यूंचा प्रतिनिधी रोझहाइमचा योझेल याने तक्रार केल्यावर स्ट्रासबुर्गच्या नगरपालिकेने हा ग्रंथ आपल्याकडे छापायला मनाई केली होती. त्याच काळातल्या प्रोटेस्टंट शहराला हे जमले होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत सभास्थाने जळाली, तेव्हा थुरिंगियाचा नाझीधार्जिणा बिशप मार्टिन झासे याने ल्यूथरच्या या मजकुराची पुस्तिका काढली आणि हे ल्यूथरच्या जन्मदिवशी घडले, याचा गौरव केला. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी प्रचारक युलिउस श्ट्रायखरने आपल्या बचावासाठी ल्यूथरचे नाव घेतले. १९८४ मध्ये जागतिक ल्यूथरन महासंघाने या लेखनापासून स्वतःला जाहीरपणे वेगळे केले. विटेनबर्गच्या चर्चच्या भिंतीवर ज्यूंची विटंबना करणारे मध्ययुगीन शिल्प आजही आहे. ते तिथे राहू द्यावे की नाही, हा वाद २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने ते काढण्याची मागणी फेटाळली.

असा माणूस प्रत्येक पिढीने आपापल्या गरजेप्रमाणे रंगवला, यात नवल नाही. शिष्यांनी त्याला संदेष्टा केले. १५४९ मध्ये योहान कोख्लेउसने लिहिलेल्या चरित्राने कॅथलिकांसाठी तो सैतानाचा हस्तक ठरवला आणि ते चित्र जवळजवळ चारशे वर्षे टिकले. प्रबोधनकाळाने त्याच्यात स्वातंत्र्याचा वीर पाहिला, एकोणिसाव्या शतकाने जर्मन राष्ट्राचा पिता. १८८३ मध्ये, जन्माच्या चारशेव्या वर्षी, त्याच्या समग्र लेखनाची वाइमार आवृत्ती सुरू झाली. ती १०० हून अधिक खंडांनंतर २००९ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्याशिवाय गंभीर अभ्यास होत नाही. फ्रिडरिश एंगल्सने १८५० मध्येच शेतकरी युद्धावर लिहून म्युंट्झरला नायक आणि ल्यूथरला राजांचा नोकर ठरवले होते. पूर्व जर्मनीने ही मांडणी उचलली, पण १९८३ मध्ये तिथल्याच सरकारने ल्यूथरची पाचशेवी जयंती थाटात साजरी केली. माक्स वेबरने व्यवसाय हीच ईश्वरसेवा ही कल्पना ल्यूथरपर्यंत मागे नेली, मात्र भांडवलशाहीच्या वृत्तीचा उगम त्याने मुख्यतः कॅल्व्हिनच्या अनुयायांत शोधला. वेबरचे नाव घेताना आपल्याकडे हा फरक पुसला जातो.

विसाव्या शतकात कार्ल होलने ल्यूथरच्या तरुणपणीच्या व्याख्यानांकडे लक्ष वेधले. योझेफ लोर्ट्झने कॅथलिक असूनही त्याला धर्मनिष्ठ माणूस म्हणून पाहिले. १९५८ मध्ये एरिक एरिक्सनने त्याच्या बापलेकाच्या ताणाचे मनोविश्लेषण केले. ते वाचायला अतिशय रंजक आहे, पण पुराव्याच्या बाबतीत सैल आहे. हायको ओबरमानने १९८२ मध्ये सैतानाला खराखुरा मानणारा मध्ययुगीन ल्यूथर पुन्हा आपल्यासमोर आणला. माझ्यावर सर्वांत जास्त प्रभाव त्याचाच आहे. सामाजिक इतिहासकारांनी प्रश्नच बदलला. बर्न्ड म्योलरने शहरांकडे पाहिले, रॉबर्ट स्क्रिबनरने निरक्षरांपर्यंत चित्रांतून काय पोहोचले ते शोधले, गेराल्ड श्ट्राउसने तपासणी-अहवाल वाचून दाखवले की पन्नास वर्षांच्या शिकवणुकीनंतरही खेड्यांतल्या लोकांना धर्माची प्रश्नोत्तरी धड येत नव्हती. लिंडल रोपरने घर, शरीर आणि राग यांच्या अंगाने ल्यूथर वाचला. अँड्र्यू पेटेग्रीने त्याचे छापखान्यावरचे कसब दाखवले. फिनलंडच्या टुओमो मानरमाने विश्वासात ख्रिस्त स्वतः हजर असतो, हा ल्यूथरचा मुद्दा पुढे आणून ऑर्थोडॉक्स चर्चशी संवादाची वाट उघडली. ज्या सिद्धांतावरून चर्च फुटले, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.

आपल्या भूमीशी या साऱ्याचा संबंध आहे, पण तो शोधायचा तर रानड्यांच्या तुलनेपेक्षा वेगळ्या वाटांनी. ल्यूथर जिवंत असतानाच, १५४२ मध्ये, फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. रोमच्या प्रत्युत्तरात अग्रभागी राहिलेला जेझुइट पंथ स्थापून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. युरोपातल्या भांडणाची झळ कोकणपट्टीला अशी लागली. दुसरी वाट तंजावरची. १७०६ मध्ये त्झीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाउ हे दोन ल्यूथरन धर्मप्रचारक तरंगंबाडीला आले आणि त्झीगेनबाल्गने तमिळमध्ये नवा करार छापला. त्याच परंपरेतल्या श्वार्त्झने भोसल्यांच्या राजपुत्राला, म्हणजे पुढच्या दुसऱ्या सरफोजीराजांना, शिकवले आणि सांभाळले. राजांनी धर्म बदलला नाही, पण गुरूच्या मृत्यूनंतर लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते आजही तंजावरात आहे. महाराष्ट्रात आलेले अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी मात्र कॅल्व्हिनच्या परंपरेचे. मराठी ख्रिस्ती लेखनावर त्यांची छाप आहे, ल्यूथरची नव्हे. तरी मूळ हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला बायबलचे सोपे मराठी भाषांतर पुरे करणाऱ्या पंडिता रमाबाईंचे काम पाहिले की वार्टबुर्ग आठवल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की रमाबाईंनी ते एकटीच्या हिमतीवर पेलले.

हे आता का वाचायचे? माणसाचा विवेक आणि राज्यकर्त्याचा धर्म यांतले भांडण मिटलेले नाही. धर्मग्रंथाचा अर्थ कोण लावणार, हा प्रश्न आपल्या देशात रोज नव्याने उभा राहतो. चटकन हातोहात पसरणारी, झोंबणारी भाषा माणसे जोडते आणि जाळतेही, हे ल्यूथरच्या आयुष्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते. धार्मिक अनुभवातून उगवलेली चळवळ समतेकडे जाईलच, असे आपण गृहीत धरतो. संतपरंपरेबद्दल बोलतानाही धरतो. ल्यूथर या गृहीतकाला तडा देतो.

या पुस्तकात मी गौरवग्रंथ लिहिलेला नाही आणि खटलाही चालवलेला नाही. ल्यूथरचे संगीत, त्याची प्रवचने, मेलांख्थॉनची शिक्षणव्यवस्था यांना इथे मोजकीच जागा मिळाली आहे. त्यांना स्वतंत्र पुस्तक हवे. कॅल्व्हिन आणि इंग्लंड मी जाणूनबुजून बाहेर ठेवले. शेतकऱ्यांची बारा कलमे ल्यूथरच्या उत्तराच्या आधी संपूर्ण दिली आहेत, कारण आरोप न ऐकता उत्तर वाचणे अन्यायाचे होईल. १५४३ च्या ग्रंथातला राजांना दिलेल्या सल्ल्याचा भागही काटछाट न करता दिला आहे. काही स्नेह्यांनी तो वगळा असे सुचवले, पण तो वगळून छापलेला ल्यूथर खरा राहिला नसता. धर्मशास्त्रीय शब्दांसाठी शक्य तिथे मराठी बायबलमधले रूढ शब्द वापरले आहेत. जर्मन नावे मराठी तोंडाला सोपी जातील अशी लिहिली आहेत.

विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने चरित्रापासून सुरुवात केलीच पाहिजे असे नाही. ‘ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य’ आधी वाचावे. ते छोटे आहे आणि त्यात त्याचा राग फारसा नाही. त्यानंतर अल्ब्रेख्तला लिहिलेले पत्र, मग बारा कलमे आणि ल्यूथरची दोन्ही उत्तरे लागोपाठ. या क्रमाने गेले, तर स्वातंत्र्याविषयी इतके उत्कटपणे लिहिणारा माणूस पाच वर्षांच्या आत बंडखोर शेतकऱ्यांविरुद्धच्या त्या पुस्तिकेपर्यंत कसा पोहोचला, हे त्याच्याच वाक्यांतून पाहता येईल. चरित्राचा भाग त्यानंतर हाती घ्यावा.